गुकेशचा डाव घरच्या पटावर कसा वाचावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही जिल्हा बुद्धिबळ निवड स्पर्धेत एक दृश्य हमखास दिसतं. बाराव्या चालीपर्यंत मुलं धडाधड खेळतात आणि तेराव्या चालीला मान वर करून छताकडे बघतात. पाठ केलेलं तिथे संपलेलं असतं. 2024 मध्ये जगज्जेता झालेल्या डी. गुकेशचे डावही असेच ‘बघितले’ जातात. पहिल्या दहा चाली पाठ करायच्या, शेवटचा टाळ्यांचा व्हिडिओ दोनदा बघायचा, मधलं सगळं पुढे ढकलायचं. पण हा खेळाडू खरा दिसतो तो तिसाव्या चालीनंतर, पट रिकामा व्हायला लागल्यावर. म्हणून त्याचे डाव शेवटाकडून वाचायला घ्या.

ही पद्धत साधारण 1700 पर्यंत रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) असलेल्यांसाठी आहे. रेटिंग नसलं तरी चालेल, चाली लिहिता-वाचता आल्या की पुरे.

आधी सामान

खरा पट हवा. घराची बाजू 5 ते 6 सेंटिमीटर आणि राजाची उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे स्पर्धेतला पट आणि घरचा पट डोळ्यांना सारखाच दिसतो. मोबाइलवर शिकलेला मुलगा स्पर्धेत ए-8 च्या कोपऱ्यातला उंट विसरतो, कारण एवढ्या मोठ्या पटावर नजर फिरवायची त्याला सवयच नसते. सोबत एक घड्याळ आणि शंभर पानी वही.

डाव लीचेस या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मोठ्या स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणाचा साठा तिथे आहे, त्यातून डावाच्या चालींची पीजीएन फाइल उतरवून घ्या. या फाइलमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक चालीपुढे घड्याळात उरलेला वेळही असतो, तो पुढे फार कामाला येतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, अक्कलकुवा-तळोद्याकडे, नेट कधी दगा देईल सांगता येत नाही. तेव्हा तालुक्याला आलात की महिनाभराचे डाव एकदम उतरवा, नाहीतर सरळ वहीत चाली लिहून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या वर जातो, दुपारी पंख्याखाली बसून दीड तास हिशेब होत नाही. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ धरा.

स्क्रीनवरच्या पटाशेजारी कोण किती वरचढ ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टी असते. ती पहिल्या मिनिटाला बंद करा. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, तोही बंद.

डाव कोणते घ्यायचे

दोनशे नकोत, सहा पुरेत. त्यातले निदान दोन हरलेले हवेत. 2024 च्या सिंगापूरच्या जागतिक अजिंक्यपद लढतीतला तिसरा, अकरावा आणि चौदावा डाव हे जिंकलेले. त्याच लढतीतला बारावा हरलेला, समोरच्या डिंग लिरेननं तिथे त्याला पूर्ण दाबून टाकलं. 2022 च्या चेन्नई ऑलिम्पियाडमधला दहाव्या फेरीचा उझबेकिस्तानच्या अब्दुसत्तोरोवविरुद्धचा, हाही हरलेला. आणि जून 2025 मधला नॉर्वेतला कार्लसनविरुद्धचा. त्यात बराच वेळ कार्लसन वरचढ होता, तरी जिंकला गुकेश.

फक्त जिंकलेले डाव वाचले तर शैली कळत नाही, नुसतं कौतुक करता येतं. शैली म्हणजे एक सवय. ती सवय एखाद्या दिवशी सोनं देते आणि एखाद्या दिवशी तोंडावर पाडते. चेन्नईत गुकेशनं पहिल्या आठही फेऱ्या जिंकल्या होत्या. दहाव्या फेरीत वरचढ स्थितीतून जिंकायच्या नादात हातातला डाव गेला, संघाचा सामना 2-2 झाला आणि सुवर्णपदक उझबेकिस्तानला मिळालं. दोन वर्षांनी सिंगापुरात, बरोबरी न स्वीकारण्याच्या त्याच सवयीनं त्याला जगज्जेता केलं. फरक कुठे पडला ते पुढे बघू.

एका डावाच्या दोन बैठका

पहिली बैठक. अख्खा डाव एकदा दहा मिनिटांत पटावर खेळून बघा. अर्थ लावू नका, फक्त सोंगट्या कुठून कुठे गेल्या ते बघा. मग पट गुकेशच्या बाजूनं फिरवा. तो काळ्यानं खेळत असेल तर काळ्या सोंगट्या तुमच्याकडे. पांढऱ्याच्या बाजूनं बसून काळ्याचा डाव वाचला की निम्मं डोक्यात शिरत नाही. आता पंधराव्या चालीपासून पुढच्या चाली पुठ्ठ्यानं झाका आणि प्रत्येक चालीला तीन मिनिटं द्या. तीन मिनिटांत दोन-तीन चाली सुचल्या पाहिजेत, त्यातली एक वहीत लिहायची, मग पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा. पंचवीस चाली, सव्वा तास.

वहीत चार रकाने करा: चालीचा क्रमांक, माझी चाल, त्याची चाल, कारण. चाल जुळली तर 2 गुण. जुळली नाही, पण त्याची चाल तुमच्या दोन-तीनांत होती तर 1. सुचलीच नाही तर शून्य. पन्नासपैकी किती आले याला महत्त्व नाही. शून्यं कुठे गोळा होतात ते बघा. एखाद्याची सगळी शून्यं राजाच्या चालींवर येतात, कारण राजा ‘लपवायचा’ एवढंच त्याला शिकवलेलं असतं. एखाद्याची अदलाबदलीवर येतात. तीन डावांनंतर आपलं दुखणं वहीत आपोआप उमटतं.

चौथा रकाना भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो. ‘चांगली चाल’ असं लिहिलं की तो रकाना वाया गेला. ‘हत्तीला दुसऱ्या रांगेत शिरायला वाट मिळते’ असं काहीतरी, एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत.

दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी. आता घड्याळाचे आकडे काढा. ज्या चालीला गुकेशनं दहा मिनिटांहून जास्त वेळ घेतला तिच्याभोवती गोल करा. एका डावात अशा चाली थोड्याच निघतात. तिथे तुम्ही तीन मिनिटंही न घेता चाल लिहिली असेल, तर खरी चूक तिथे आहे, चाल जुळली असली तरी.

घड्याळाचे नियमही माहीत हवेत. सिंगापुरात पहिल्या 40 चालींना 120 मिनिटं होती, त्यात एकही सेकंद वाढवून मिळत नव्हता. चाळीसनंतर 30 मिनिटं आणि 41 व्या चालीपासून दर चालीला 30 सेकंद. तिसऱ्या डावात डिंगचं घड्याळ 37 व्या चालीला संपलं ते यामुळे. आपल्याकडच्या एकदिवसीय स्पर्धा बहुतेक रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या असतात. तिथे गुकेशसारखा एका चालीवर बसून राहिलात तर विसाव्या चालीला घाम फुटेल. त्याची हिशेबाची खोली घ्या, वेळ वाटायची रीत घेऊ नका. तीत तो स्वतःही अडकतो.

चौदाव्या डावाची शेवटची चार पावलं

आता हे पटावर मांडून बघाच. 12 डिसेंबर 2024, गुण साडेसहा-साडेसहा. गुकेश काळ्या सोंगट्यांनी खेळतोय. दोघांकडे एक हत्ती, एक उंट. गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. तज्ज्ञांच्या मते स्थिती बरोबरीची. पांढऱ्याचा उंट ए-8 वर, पार कोपऱ्यात. काळ्याचा हत्ती ए-2 वर.

55 व्या चालीला डिंगनं हत्ती एफ-2 वर आणला. मनात हेतू साधा: हत्ती मारामारीत जाऊ दे, सोंगट्या कमी होऊ देत, बरोबरी पक्की. गुकेशनं हत्ती मारला, डिंगच्या राजानं उलट मारला. मग काळा उंट डी-5 वर बसला. इथे थांबा आणि बोटानं कर्ण मोजा. ए-8 च्या उंटाला एकच कर्ण असतो आणि त्यावर आता काळा उंट बसलाय. पांढरा उंट बी-7 ला गेला तरी मरतो, सी-6 ला गेला तरी मरतो. म्हणजे मारामारी टळत नाही. 57 ला उंटानं उंट मारला, काळ्या राजानं उलट मारला. पांढरा राजा ई-3 वर आला, काळा ई-5 वर. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल पांढऱ्याची. ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. वर काळ्याकडे एक प्यादं जास्त. डिंगनं 58 व्या चालीनंतर डाव सोडला.

चूक कशी झाली ते नीट बघा. डिंगनं एक अदलाबदल मोजली, तिच्या पाठोपाठ येणारी दुसरी मोजली नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहून ठेवा: ‘ही अदलाबदल झाल्यावर पुढची कोण करू शकतो?’ राजा आणि प्याद्यांचा शेवट येणार असेल तर तो शेवटापर्यंत मोजल्याशिवाय हत्ती द्यायचा नाही. आपल्याकडे मुलं हे नेमकं उलटं करतात. घाबरली की सोंगट्या कापत सुटतात.

आणि गुकेशनं काय केलं? खरं सांगायचं तर भव्य काहीच नाही. एक प्यादं हातात होतं, त्यामुळे हरायची भीती जवळजवळ नव्हती, आणि तो खेळत राहिला. चेन्नई आणि सिंगापूर यांतला फरक हाच. समोरच्याला दमवत बसण्याआधी विचारायचं: मी चुकलो तर जास्तीत जास्त काय होईल? उत्तर ‘बरोबरी’ असेल तर शंभर चाली खेळा. उत्तर ‘हार’ असेल आणि घड्याळात एकच मिनिट असेल, तर हात पुढे करा भो, अर्धा गुण खिशात घाला.

इंजिन कधी

दोन्ही बैठका संपल्यावर, आणि फक्त गोल केलेल्या चालींपुरतं. गुकेशचे तेव्हाचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला 2500 च्या आसपास पोहोचेपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं. कारण साधं आहे. इंजिन चाल सांगतं, पण त्या चालीपर्यंत माणूस कसा पोहोचेल ते सांगत नाही. बाण बघून ‘हो, हेच मला वाटलं होतं’ म्हणणं फार सोपं. आधी वहीत लिहिलेलं असेल तर ती पळवाट बंद होते.

कारकीर्दीचे आकडे वाचताना

15 जानेवारी 2019 रोजी दिल्लीत गुकेश ग्रँडमास्टर झाला. वय 12 वर्षं 7 महिने 17 दिवस, सर्वांत लहान वयात ग्रँडमास्टर होण्याच्या कर्याकिनच्या तेव्हाच्या विक्रमापेक्षा 17 दिवस जास्त. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म (ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली पात्रता) लागतात, प्रत्येक नॉर्मला 2600 च्या दर्जाची कामगिरी, आणि कधीतरी 2500 रेटिंग गाठलेलं असावं लागतं. पालक हे वाचून आपल्या मुलाच्या वयाशी गणित मांडतात. त्यापेक्षा के-गुणकाचं, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलेल त्याचं, गणित समजून घ्या. 18 वर्षांखालच्या आणि 2300 खालच्या खेळाडूचा गुणक 40 असतो. आपल्याच रेटिंगच्या खेळाडूला हरवलं तर 20 गुण वाढतात, हरलं तर 20 जातात. 2400 ओलांडलेल्याचा गुणक 10, त्याला त्याच विजयाचे 5 गुण. म्हणजे एका स्पर्धेत मुलाचे 90 गुण घसरले तर तो खेळ विसरलेला नसतो, त्याचे गुण फक्त मोठ्या मापानं मोजले जातात.

2024 च्या टोरांटो कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, गुकेश सातव्या फेरीत फिरुझाकडून हरला. त्या 14 फेऱ्यांत ती त्याची एकुलती एक हार. पुढच्या सात फेऱ्यांत एकही डाव हरला नाही आणि 9 गुणांनी स्पर्धा जिंकली. सहा डाव संपले की सातवा म्हणून हा हरलेला डाव घ्या, आणि या वेळी बसा फिरुझाच्या बाजूनं.

शेवटचं काम: स्थिती खेळून बघणं

प्रत्येक डावातली एक गोल केलेली स्थिती निवडा. समोर जोडीदार बसवा, 15 मिनिटं अधिक दर चालीला 10 सेकंद लावा. एकदा गुकेशच्या बाजूनं खेळा, मग बाजू बदलून तीच स्थिती पुन्हा. चौदाव्या डावासाठी 54 व्या चालीनंतरची स्थिती घ्या आणि पहिल्या खेपेला पांढऱ्याकडून बसा. हत्ती एफ-2 खेळायचा नाही एवढं माहीत असूनही बरोबरी राखणं किती जड जातं ते कळेल. जोडीदाराला मात्र हा डाव आधी दाखवू नका.