आयझिंग मॉडेलचे सिम्युलेशन आणि त्याची पडताळणी

आयझिंग मॉडेल हे चुंबकाचे साधे गणिती प्रारूप आहे. त्याच्या सिम्युलेशनची सुरुवात द्विमितीय रूपापासून करावी, कारण लार्स ऑन्सागर यांनी १९४४ साली त्याची अचूक उकल मांडलेली असल्यामुळे प्रोग्रॅमची उत्तरे ताडून पाहण्याची सोय आयतीच मिळते. चौरस जाळीच्या प्रत्येक बिंदूवर +१ किंवा −१ किमतीचा स्पिन, म्हणजे वर किंवा खाली तोंड असलेला सूक्ष्म चुंबक, ठेवावा, समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडून सीमा आवर्ती कराव्यात आणि परस्परक्रियेचा व बोल्ट्झमनचा हे दोन्ही स्थिरांक १ धरावेत.

१९५३ सालच्या मेट्रोपोलिस पद्धतीत यादृच्छिकपणे एक स्पिन निवडतात आणि तो उलटवल्यास ऊर्जा किती बदलेल हे काढतात. त्या स्पिनला चार शेजाऱ्यांच्या बेरजेने गुणून दुप्पट केली की हा बदल मिळतो. बदल शून्य किंवा ऋण असेल तर स्पिन उलटवावा. धन असेल तर बदलाला तापमानाने भागून, त्या भागाकाराची ऋण किंमत घातांकी फलात घालून येणाऱ्या संभाव्यतेनेच उलटवावा. धन बदल केवळ ४ किंवा ८ असू शकत असल्याने या दोन संभाव्यता आधीच काढून ठेवाव्यात. स्पिन उलटला नाही तरी तीच स्थिती सरासरीत पुन्हा धरावी लागते. ती वगळल्यास उत्तरे दिसायला ठीक, पण चुकीची येतात.

पुढे जाण्यापूर्वी ४ × ४ च्या जाळीच्या सर्व ६५,५३६ स्थिती मोजून ऊर्जेची अचूक सरासरी काढावी आणि तिच्याशी सिम्युलेशनची सरासरी जुळते का ते पाहावे. माझ्या मते ही पायरी कधीही गाळू नये.

मोठ्या जाळीत सुरुवातीची मापे टाकून द्यावीत. किती टाकायची, हे ठरवण्यासाठी एकदा सर्व स्पिन एकाच दिशेला ठेवून आणि एकदा यादृच्छिक मांडणीतून सुरुवात करावी व दोन्ही सुरुवातींच्या मापांचे आलेख एकत्र येईपर्यंत थांबावे. मात्र कमी तापमानाला यादृच्छिक मांडणी पट्ट्यांमध्ये अडकून पडू शकते. मर्यादित जाळीत चुंबकनाची (सर्व स्पिनच्या सरासरीची) दिशा पालटत राहते, म्हणून त्याच्या निरपेक्ष मूल्याची सरासरी घ्यावी.

खरी अडचण २.२६९ या क्रांतिक तापमानाजवळ, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसे होते त्या तापमानाजवळ, येते. तेथे जाळीची बाजू दुप्पट केली, की मापांमधला सहसंबंध विरण्यास साधारण साडेचार पट फेऱ्या (एका फेरीत जाळीतील स्पिनइतके प्रयत्न) लागतात, त्यामुळे लागोपाठची मापे स्वतंत्र समजून काढलेली त्रुटी फसवी ठरते. मापांचे मोठे गट पाडून गटसरासरींवरून त्रुटी काढावी आणि गट वाढवूनही ती स्थिर राहते का ते तपासावे. या टापूत १९८९ सालची वोल्फ पद्धत कितीतरी सरस आहे: तीत समान दिशेचे शेजारी ठराविक संभाव्यतेने जोडत नेऊन तो अख्खा समूह एकदम उलटवतात. उच्च तापमानाला समूह लहानच राहतात, तेव्हा तेथे मेट्रोपोलिस पुरेशी आहे.