प्रवाळांसोबत समुद्री शैवाल ठेवताय? या चुका टाळा

सकाळी दिवा लावला, तर माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाण्याऐवजी ताक भरल्यासारखं दिसत होतं. आदल्या रात्री हिरवंगार असलेलं कॉलर्पा हे शैवाल काचेसारखं पांढरं पडलेलं, आणि मासे वर येऊन धापा टाकतायत.

चूक माझीच. दोन महिने कात्री लावली नव्हती. कॉलर्पाचं अख्खं झुडूप म्हणजे एकच पेशी. ती पुनरुत्पादनावर आली की आतला ऐवज एका झटक्यात पाण्यात सोडते आणि मरते. महिनोन् महिने शोषलेले नायट्रेट-फॉस्फेट हे पोषक क्षारही टाकीत परत येतात, ऑक्सिजन मात्र घसरतो. अशा वेळी आधी एअर पंप जोरात लावा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा, मेलेलं शैवाल काढा, पाण्यातली घाण शोषणारा ताजा कार्बन घाला, मग पाणी बदला. टोकं फिकी पडू लागली तर तेवढा भाग त्याच दिवशी उचला. उचलताना चुरगळू मात्र नका. तुटलेल्या जागेतून रस गळतो आणि तो प्रवाळांना मानवत नाही.

नवख्यांना मी हल्ली कीटोमॉर्फा हे शैवालच सुचवतो. दिसायला भांडी घासायच्या घासणीसारखं, पण मुळं नाहीत, दगडाला चिकटत नाही आणि असले खेळही सहसा करत नाही. सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीत ठेवा आणि त्याचा दिवा रात्री लावा. मुख्य टाकी अंधारात असताना पीएच खाली जातो, तो थोडा सावरतो.

दुसरी चूक उलट्या टोकाची. शैवाल आहे, स्किमर आहे, वर फॉस्फेट शोषणारी भुकटीही आहे, आणि टेस्ट किट नायट्रेट-फॉस्फेट शून्य दाखवते म्हणून मालक खूश! प्रवाळ फिकट पडतात, शैवाल विरघळायला लागतं, आणि रिकाम्या जागी तपकिरी, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव पसरतात. प्रवाळ आणि शैवाल दोघेही एकाच ताटातलं खातात. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राहू द्या. त्याखाली गेलं तर आधी भुकटी काढा, माशांचं खाणं वाढवा.

हॅलिमेडा हे शैवाल ठेवलंत तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची क्षारता) वरचेवर तपासा. त्याची पानं चुनखडीची असतात, म्हणजे प्रवाळांशी तिथेही स्पर्धा. कुठलंही शैवाल प्रवाळाला घासेल इतकं जवळ लावू नका. शैवाल खाणारा टँग मासा असेल तर लालसर ग्रॅसिलेरिया शैवाल मुख्य टाकीत शोभेला लावणं म्हणजे त्याला जेवण वाढणंच.

खारफुटीचं रोप सुंदर दिसतं, पण वाढ इतकी हळू की नायट्रेट कमी करायला त्याच्यावर विसंबू नका. समुद्री गवताला दहा-पंधरा सेंटिमीटर वाळू लागते. पातळ थरात ते कुजतं.

मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून शैवालाचा दगड उचलून आणायचा मोह आवरा. सोबत काय येईल सांगता येत नाही, आणि दगडी प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत.

आणि छाटलेलं कॉलर्पा नाल्यात किंवा खाडीत टाकू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया 1984 मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात सापडलं आणि भूमध्य समुद्रात पसरलं. 2000 मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात दिसलं, तेव्हा ताडपत्र्या अंथरून क्लोरीन सोडावं लागलं. ते संपलं असं जाहीर व्हायला 2006 उजाडलं. मी छाटण गच्चीवर कडकडीत वाळवतो, मगच कचऱ्यात टाकतो.