घरच्या नेटवर्कवर नावाने उपकरण सापडत नाही? या चुका टाळा

जळगावात आमच्या घराखालीच भावाचे कृषी सेवा केंद्र आहे. तेथील कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर वरच्या मजल्यावरून ‘दुकानकॅम’ या नावाने उघडावा, अशी सोय मी राउटरवर केली होती. परंतु मे महिन्यात ते नाव दर दोन-तीन दिवसांनी नाहीसे होऊ लागले.

अशा वेळी राउटर बंद करून चालू करणे ही पहिली चूक. आधी उपकरणाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) पिंग करावा, म्हणजे ते प्रतिसाद देते का ते पाहावे. उत्तर आले, तर वायफाय आणि केबल निर्दोष आहेत व अडचण केवळ नावाची आहे. त्यानंतर ‘एनएसलुकअप’ ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा उपकरणाच्या नावासह द्यावी आणि उत्तर कोणत्या सर्व्हरने दिले, ते वरच्या ओळींत पाहावे. तेथे १९२.१६८.१.१ असा राउटरचा पत्ता नसून गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा ८.८.८.८ हा पत्ता दिसला, तर राउटरला कोणी विचारलेलेच नाही.

हे बहुधा ‘असू द्यावा जादाचा’ म्हणून दुय्यम डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात भरलेल्या सार्वजनिक पत्त्यामुळे घडते. तो राखीव खेळाडू नव्हे. संगणक दोहोंपैकी कोणालाही विचारू शकतो, आणि सार्वजनिक सर्व्हरने ‘असे नाव नाही’ म्हटले की तेच अंतिम उत्तर मानले जाते. अँड्रॉइड ९ पासून आलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एखाद्या सेवेचे नाव भरलेले असले, तरी फोन राउटरला वगळतो, ब्राउझरमधील ‘सिक्युअर डीएनएस’चेही तसेच.

नावाला ‘.लोकल’ जोडण्याचा मोह मलाही झाला होता. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकानुसार ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. त्यात प्रश्न २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर सर्व उपकरणांना एकदमच विचारला जातो आणि उत्तर राउटर नव्हे, ते ते उपकरण स्वतः देते; म्हणून राउटरवर ठरवलेल्या नावाला ते जोडू नये. घरासाठी ‘होम.आर्पा’ हे शेपूट २०१८ पासून अधिकृतपणे उपलब्ध आहे. नावात अंडरस्कोर नको, हायफन चालतो.

आमचे खरे दुखणे मात्र वीज जाण्यात होते. माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आहे; त्यातील डीएनएसमास्क हा पत्ते वाटणारा आणि नावे सांगणारा प्रोग्राम कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता दिला, याची नोंद सर्वसाधारणपणे तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो, त्यामुळे वीज गेली की ती यादी पुसली जाते. रेकॉर्डर आणि त्याचा स्विच दुकानाच्या इन्व्हर्टरवर, राउटर मात्र साध्या प्लगवर! वीज परतल्यावर राउटर कोऱ्या पाटीने उठे. रेकॉर्डरची जोडणी स्विचशी अखंड असल्याने त्याला काही घडल्याचे कळतच नसे, आणि मिळालेल्या पत्त्याच्या बारा तासांच्या मुदतीपैकी निम्मी सरेपर्यंत तो नूतनीकरण मागत नसे. तोवर पिंग चाले, नाव मात्र नसे. राउटर पुन्हा बंद-चालू करण्याचा भावाचा उपाय तर उरलीसुरली नावेही पुसत असे.

राउटरवर उपकरणासाठी केवळ पत्ता राखून ठेवल्याने तो बदलत नाही, परंतु नाव टिकेलच असे नाही; त्यासाठी राउटरच्या ‘हॉस्टनेम्स’ या पानावर नाव आणि पत्ता अशी स्वतंत्र नोंद करता येते. ती सेटिंगमध्ये साठवली जाते. नंतर विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ चालवावे, नाहीतर जुने ‘नाही’ काही काळ तसेच राहते. मी नोंद केली, आणि राउटरची वायरही इन्व्हर्टरच्या बोर्डाकडे वळवली. त्यासाठी भावाला फोनचा चार्जर दुसरीकडे न्यावा लागला, याबद्दल तो अजून कुरकुरतो.