लोअर आर्म बदलल्यावर गाडी वढायली का? अलाइनमेंटच्या आधी हे बघा

आपल्याकडच्या रस्त्यांनी लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), बॉल जॉइंट (आर्म अन् चाक जोडणारा फिरता सांधा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) कधी ना कधी वाजतातच, काम करून गाडी आणली की कुणाची एका साईडला वढायली, कुणाचं स्टिअरिंग वाकडं, अन् मिस्तरी एकच सांगतो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) मारा. मारा की, पण शेवटी. जॉइंटमधी प्ले (ढिलेपणा) असला तर मशीनवर आकडे बरोबर दिसतात अन् पहिल्या खड्ड्यात परत हलतात.

गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग वाकडं? टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली तो कोन) लावताना स्टिअरिंग सरळ धरलं नव्हतं, किरकोळ आहे. वळवून सोडल्यावर स्टिअरिंग माघारी येईना तर नवा बॉल जॉइंट जाम किंवा शॉकअपचं वरचं बेअरिंग नीट बसलेलं नाही.

वढत असली तर पहिले हवा बघा, मग पुढचे दोन टायर आपसात बदला, वढ दुसऱ्या साईडला गेली म्हणजे दोष टायरचा. आपले रस्ते डावीकडं उतरते असतात त्यामुळं थोडं डावीकडं जाणं चालतंय, उजवीकडं वढली तर मात्र नक्की गडबड.

माझी डावीकडं जास्तच वढायची. तीनदा अलाइनमेंट केलं, काही फरक नाही, शेवटी जालन्याहून आल्यावर सहज चाकाजवळ हात नेला तर डावं चाक तव्यावानी तापलेलं! आर्म काढताना कॅलिपर (डिस्कला दाबणारा ब्रेकचा भाग) ब्रेकच्या होजवर (रबरी पाईपवर) लटकवून ठेवला होता, होज आतून खराब झाला अन् ब्रेक सुटतच नव्हता. म्हणून दहा-बारा किलोमीटर चालवून दोन्ही चाकांची गरमी ताडून बघा, पण डिस्कला हात लावू नका, भाजंल.

मग जॅक लावा, खाली घोडी (आधाराचा स्टँड) ठेवा. चाक घड्याळाच्या तीन-नऊला धरून हलवा, खडखड आली तर टाय रॉड किंवा रॅक एंड (टाय रॉडचा आतला, स्टिअरिंगकडचा सांधा). बारा-सहाला हललं तर बॉल जॉइंट नाहीतर हब बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते). टाय रॉडचं चेकनट (रॉडची लांबी पक्की करणारं) पान्यानं तपासा, लई वेळा नुसतं हातानं फिरवून ढिलंच ठेवलेलं सापडतं. आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी जॅकवर असतानाच फायनल टाईट केले असले तर बुश पिळून बसतो अन् लवकर फाटतो, चाकं जमिनीवर टेकवून वजन आल्यावर टाईट करायला लावा.

हे सगळं झालं की अलाइनमेंट, आणि आधीचा-नंतरचा दोन्ही प्रिंट मागा. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा लाईट लागला तर स्कॅनर लावून अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलं ते मोजणारा) झिरो करून घ्या, नुसती बॅटरी काढून घालण्यात टाईम घालवू नका.