पंख नाहीत म्हणून पिल्लू समजू नका: डुबिया झुरळं पाळताना या चुका टाळा

इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या तीन-चार मराठी घरांत बिअर्डेड ड्रॅगन आहे. मूल हट्ट धरतं, सरडा घरी येतो आणि महिनाभरात आईबापांना कळतं की त्याच्या खाण्यासाठी दर आठवड्याला डुबिया झुरळं विकत आणणं परवडत नाही. मग डुबियाची पैदास घरीच करायची टूम निघते. सहा महिन्यांनी मला फोन येतो, "अगं, पिल्लंच होत नाहीयेत."

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ती बिनपंखाची मोठी झुरळं कुठे गेली?"

"ती? ती घातली की सरड्याला. पंखवाली तेवढी पूर्ण वाढलेली, म्हणून ठेवली."

संपलं. डुबियात पूर्ण वाढलेल्या नराचे पंख पार पोटाच्या टोकापर्यंत येतात. मादीला मात्र जन्मभर खांद्याशी दोन खुरटे तुकडेच, बाळाला आखूड झबलं घातल्यासारखे. म्हणजे तुम्ही वेचून वेचून पोटुशा बाया खाऊ घातल्यात आणि डब्यात ब्रह्मचाऱ्यांचा मठ उरला.

हसत नाहीये, पहिल्या वर्षी मीही हेच केलं. दिवाळीच्या सुमाराला डबा उपसला तर एकतीस नर आणि दोन माद्या. मादी पिल्लं पोटात वागवते दोनेक महिने, ती पिल्लं मोठी व्हायला आणखी चार ते सहा महिने. त्या दोघींच्या जिवावर डबा पुन्हा भरेपर्यंत पुढची दिवाळी आली. तोवर झुरळं विकतच.

पिल्लांना पंख नसतातच, तिथे पोट बघावं लागतं. झुरळ उताणं करून शेपटीकडची शेवटची वळी बघा. मादीची ती वळी रुंद असते, एकच मोठा पट्टा. नराच्या शेवटच्या वळ्या अरुंद होत जातात आणि टोकाची तर अगदी चिमुकली. चिमटीत धरून बघायला गेलात तर ते पाय झाडतं आणि तुम्ही किंचाळता. मी लोणच्याच्या रिकाम्या पारदर्शक बरणीत आठ-दहा टाकते, बरणी उचलून खालून फोनच्या कॅमेऱ्यानं झूम करते. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतील तर नादाला लागू नका. आणल्या दिवशीच सगळ्यांचे नर-मादी ठरवून हवे असणारे उत्साही लोक मला माहीत आहेत. थांबा की जरा, ती कुठे पळून चाललीत?

चार माद्यांमागे एक नर पुरतो. नर फार झाले की एकमेकांचे पंख कुरतडतात आणि माद्यांना स्वस्थता देत नाहीत. जास्तीचे नर सरड्याच्या ताटात.

नर-मादी नीट असूनही पिल्लं नाहीत, तर बहुतेक वेळा थंडी हे कारण. जानेवारीत आमच्या बेसमेंटमध्ये अठरा अंश असतं. तेवढ्यात डुबिया मरत नाहीत, पण संसारही करत नाहीत. त्यांना तीस अंशांच्या आसपास लागतं. हीट मॅट डब्याच्या बाहेरून एका बाजूला लावा, म्हणजे नको असेल त्याला लांब सरकता येतं. थर्मोस्टॅटचे पैसे वाचवू नका. एका गृहस्थांनी वाचवले, मॅट डब्याच्या बुडाखाली सरकवली आणि सकाळी सगळी कॉलनी भाजून निघाली.

मादीच्या मागे पिवळट पुडी लोंबताना दिसली तर ती ओढू नका! ती अंड्यांची पुडी आहे. मादी ती बाहेर काढते आणि पुन्हा पोटात ओढून घेते. "अडकली होती म्हणून मदत केली" हे वाक्य मी दोनदा ऐकलंय.

पांढरं झुरळ दिसलं म्हणून फोटो पाठवू नका. त्यानं नुकतीच कात टाकली आहे, काही तासांत तपकिरी होईल.

पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात. गाजर, संत्र्याची फोड, नाहीतर पाण्याचे जेल-खडे. कुत्र्याचं खाणं रोज घालू नका. जास्तीची प्रथिनं झुरळं युरिक अॅसिडच्या रूपात अंगात साठवतात आणि ते शेवटी सरड्याच्या पोटात जातं. झुरळांना लपायला ठेवलेले अंड्यांच्या ट्रेचे पुठ्ठे उभे लावा, म्हणजे विष्ठा खाली गळते. डबा साफ करताना मास्क लावा, त्या धुळीची अॅलर्जी होते. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं झुरळ घालू नका. स्वयंपाकघरातलं झुरळ तर कधीच नको, ते कुठलं औषध चाटून आलंय कोणाला ठाऊक.

औषधावरून आठवलं. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायला गेली आणि वर येऊन शांतपणे म्हणाली, "खाली झुरळं झालीयेत तुझ्याकडे. डबा भरून." मी समजावलं, तिनं मान डोलावली. पण जन्मभर ज्यांना चपलेनं मारलं त्यांना गाजर घालणारी लेक तिच्या पचनी पडेना. तिच्या बॅगेत झुरळांचा खडू होता, जो इथे विकायलाही बंदी आहे. रात्री तिनं डब्याभोवती तर रेघ ओढलीच, वर झाकणाच्या जाळीवरही चार रेघा. सकाळी चारशेच्या वर झुरळं उताणी, काहींचे पाय अजून थरथरत होते. त्यातलं एकही सरड्याला घालता येईना. सगळा डबा, पुठ्ठ्यांसकट, कचऱ्यात.

नव्या डब्याला आता मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: "आई, ही आपली झुरळं आहेत."