लॅपटॉप ‘डेड’ म्हणण्याआधी या चुका टाळा

‘बंद पडलाय’ एवढंच सांगून माणूस लॅपटॉप काउंटरवर ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या छोट्या दुकानात हे दिवसातून दोन-तीनदा होतंच. मी विचारतो, “बंद म्हणजे कुठपर्यंत येतो?” यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. बटण दाबल्यावर लाइट लागते का, पंख्याचा आवाज येतो का, कंपनीचं नाव दिसतं का, विंडोजचे ठिपके गोल फिरतात का, हे कुणी बघितलेलंच नसतं. लॅपटॉप जिथे अडतो, तिथेच किंवा त्याच्या एक पायरी आधी बिघाड असतो. ते न बघता यूट्यूबवरचे पाच उपाय करून मोकळं होणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आपलं सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे, म्हणून ही म्हण मला जरा जास्तच आवडते.

तर तो कुठे अडतो, त्या क्रमानेच चुका सांगतो.

लाइटच लागत नाही

इथली पहिली चूक म्हणजे लगेच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणं. आधी एक्स्टेन्शन बोर्ड सोडून भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. अडॅप्टरमध्ये जाणारी वायर बाजूला निघते, ती अर्धवट सैल झालेली असते. अडॅप्टरवर लाइट असेल तर ती लॅपटॉपला पिन लावल्यावर विझते का, तेही बघा. विझली तर आत कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, मग पुन्हा पुन्हा लावून बघू नका. वैशाखातला वळीव झाला, विजा कडाडल्या, लाइट चार वेळा गेली-आली, की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मेलेल्या अडॅप्टरांची रांग लागते. अडॅप्टर स्वतः मरून लॅपटॉपला वाचवतो, असं अनेकदा होतं.

टाइप-सी आल्यापासून नवीन घोळ सुरू झालाय. पिन बसते म्हणून लोक मोबाइलचा चार्जर लावतात. लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागतात, बहुतेकांना २० व्होल्ट हवे असतात. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर तिथे पुरत नाही. बॅटरी शिल्लक असेपर्यंत काही कळत नाही. ती पूर्ण उतरली की लॅपटॉप उठतच नाही. गोल पिनचा चार्जर बदलून घेताना व्होल्ट तेच असायला हवेत, बहुतेकदा १९ किंवा १९.५, आणि अँपिअर मूळच्याइतके किंवा जास्त. डेलच्या पिनच्या मधली बारीक सुई वाकली किंवा तुटली, तर लॅपटॉप चार्जरला ओळखत नाही आणि बॅटरी चार्ज करत नाही. दोष बॅटरीवर जातो, नवीन बॅटरी येते, तीही चार्ज होत नाही.

चार्जर ठीक असेल तर पुढचा उपाय फुकटचा आहे. चार्जर काढा, बॅटरी सहज निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेला करंट निघून जातो. मग चार्जर लावून सुरू करा. लोक तीन सेकंद दाबतात आणि ‘करून बघितलं, काही झालं नाही’ म्हणतात. घड्याळ लावून ३० सेकंद मोजा. काही लेनोवो मॉडेलांच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, तेही याच कामाचं. सिमकार्ड काढायच्या पिनने ते दाबता येतं.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. दुकान टाकून वर्ष झालं नव्हतं. मुक्त विद्यापीठाचा प्रोजेक्ट लिहीत असलेल्या एका मुलीला मी छातीठोक सांगितलं, “ताई, मदरबोर्ड गेलाय.” ती लॅपटॉप घरी घेऊन गेली. तिच्या भावाने एचडीएमआय वायरने तो टीव्हीला जोडला, तर अख्खा डेस्कटॉप टीव्हीवर! बिजागरीपाशी पॅनलची केबल सुटली होती, एवढंच. ती हे सांगायला मुद्दाम परत आली आणि हसून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता मी आधी कॅप्स लॉक दाबतो. त्याची लाइट लागते-विझते का? लागत असेल तर यंत्र जिवंत आहे, फक्त दिसत नाहीये. मग मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरतो. पुसट आयकॉन दिसले तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागची लाइट, गेलीय. काहीच दिसलं नाही तर टीव्ही जोडतो. या तीन गोष्टींना दोन मिनिटं लागतात आणि तुम्हीही त्या घरी करू शकता.

कॅप्स लॉकही मेला असेल तर लाइट कशी लुकलुकते ते मोजा. लॅपटॉप उगाच लुकलुकत नाही, तो आजार सांगत असतो. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दोनदा पिवळी आणि तीनदा पांढरी लुकलुकली तर त्याला रॅम सापडत नाहीये. मोजता येत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा, मला अर्धं निदान आयतं मिळतं.

रॅम काढून पुन्हा बसवणं हा जुना आणि अजूनही चालणारा उपाय. चार्जर आणि आतल्या बॅटरीची केबल काढल्याशिवाय मात्र हात लावू नका. सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलकेच पुसा आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. आणि एक उलटी चूक: नवीन डीडीआर५ प्रकारची रॅम टाकल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. यंत्र नवीन रॅमशी जुळवून घेत असतं. लोक घाबरून बटण दाबतात, तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, ते पुन्हा दाबतात. त्याला एकदा पूर्ण वेळ देऊन बघा.

नाव येतं, मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’

खरं नुकसान इथे होतं, आणि ते बहुतेकदा माणसाच्या हातून होतं. हा मेसेज दिसला की ठरलेलं वाक्य: “विंडोज मारून द्या.”

थांबा. आधी लावलेला पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढा. हसू नका, कितीतरी लॅपटॉप गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत बसलेले असतात. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानावर जा; सुरू करताच त्याचं बटण दाबायचं. डेल, आसुस, एसर आणि बऱ्याच लेनोवोंवर एफ२, एचपीवर एस्केप आणि मग एफ१०. तिथे एकच गोष्ट बघा: डिस्कचं नाव दिसतं का? दिसत असेल तर डिस्क निदान हाकेला ओ देतेय, घोळ आधी कुठून सुरू व्हायचं त्या क्रमाचा किंवा विंडोजच्या फाइलींचा असेल. नाव दिसत नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा गेलीय, आणि नसलेल्या डिस्कवर विंडोज कशी मारणार?

बायोसमध्ये शिरलाच आहात तर तारीख वाचा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर आतला नाण्याएवढा सेल उतरलाय. बहुतेक वेळा तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, किरकोळ किमतीचा. काही लॅपटॉपमध्ये मात्र तो वायरसकट येतो, तेव्हा जुना बघूनच घ्या. सेल उतरला की सेटिंग मूळपदाला जातात. मग यूईएफआय या नव्या पद्धतीने टाकलेली विंडोज कधीकधी लेगसी या जुन्या पद्धतीने शोधली जाते आणि सापडत नाही. त्याला फॉरमॅट कशाला हवं?

तिथे बाकी काहीही बदलू नका. बदलायचंच असेल तर आधी मूळ स्क्रीनचा फोटो काढा. विशेषतः व्हीएमडी नावाच्या सेटिंगला हात लावू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क या व्हीएमडीच्या आडून चालते. विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसेल तर इन्स्टॉल करताना एकही डिस्क दिसत नाही. घरातला हुशार भाचा ‘एसएसडी उडाली’, म्हणजे चिपची, न फिरणारी डिस्क गेली, असा निकाल देतो आणि नवीन एसएसडी येते. तीही दिसत नाही! पेनड्राइव्हवर तो ड्रायव्हर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ केलं की दोन्ही दिसतात. जुन्या चांगल्या एसएसडी लोक माझ्याकडे सोडून गेलेत, मी फोन करून परत दिल्यात.

आता जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि टक-टक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ती तासनतास पळवते. फ्रीजमध्ये ठेवायचा एक सल्ला अजून फिरतो, त्याने आत दव धरतं. आधी डेटा काढायचा, मग बाकी सगळं. डिस्कचा आवाज येत नसेल तर उबंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप सुरू होतो आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर घेता येतात. ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. डिस्क कुलूपबंद नसेल तरच हे चालतं. त्या कुलपाचं पुढे सांगतो.

दिंडोरीकडचे एक बागायतदार ऐन द्राक्षाच्या हंगामात आले होते. बिलं, पॅकहाउसचे कागद, मजुरांचे हिशेब, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. शेजारच्या पोराने ‘काका, पाच मिनिटांत करतो’ म्हणत फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिली होती. लॅपटॉप मस्त सुरू होत होता. काकांना फक्त आधीच्या फाइली हव्या होत्या. फिरत्या डिस्कवर फॉरमॅटनंतरही बराच डेटा शोधून काढता येतो. एसएसडीचं तसं नसतं. फॉरमॅट झालं की विंडोज तिला ‘या जागा रिकाम्या झाल्या’ असं कळवते आणि ती आतून खरोखरच पुसून टाकते. मी दोन दिवस बसलो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली काही बिलं फोनमधून मिळाली, तेवढीच.

निळ्या पानावर किल्ली मागतो

बिटलॉकर. ४८ आकड्यांची किल्ली मागणारं निळं पान. लोकांना हा व्हायरस वाटतो. हे विंडोजचंच कुलूप आहे, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने सेटअप करून मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की ते बहुतेक लॅपटॉपवर आपोआप लागतं. बायोस अपडेट झालं, बायोसमधलं सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं, मदरबोर्ड बदलला, की लॅपटॉप म्हणतो, ‘तुम्ही कोण?’

किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून ‘रिकव्हरी की’ बघायची, एवढंच काम. पण खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्याच ईमेलने काढून दिलेलं! असे ग्राहक मी पाहिलेत, आणि त्यांना मी त्या दुकानात परत पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाही. किल्ली नसेल तर तो डेटा कुणीही काढू शकत नाही. ‘आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे’ म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका. आज तुमचा लॅपटॉप धड चालतोय ना? मग आजच ती किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाशेजारी ठेवा.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातले ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण कितीतरी ठिकाणी त्या फाइलीपर्यंत पोचायलाच आधी ही किल्ली लागत होती.

ठिपके फिरत राहून अडकलं असेल तर घाई वेगळ्या प्रकारची होते. अपडेट चालू असताना टक्के पुढे सरकत असतील तर बटण दाबू नका, चार्जर लावून रात्रभर सोडा. खरंच अडकला असेल तर सुरू होता होता दोनदा बटण दाबून बंद केला की पुढच्या खेपेला दुरुस्तीचं पान येतं. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सिस्टिम रिस्टोअर. ‘रिसेट’ सगळ्यात शेवटी. त्यातल्या ‘कीप माय फाइल्स’वर भाबडेपणाने विसंबू नका. फाइली राहतात, पण टॅलीसारखे बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम उडतात. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते ठाऊक असेल तरच पुढे जा.

चहा, पाऊस, थंडी

चहा सांडला तर सुरू होतो का ते बघायचं नाही. चार्जर काढा, बटण दाबून बंद करा, तंबूसारखा उलटा ठेवा आणि घेऊन या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ साखर शोषत नाही आणि वर पिनेत दाणा अडकतो. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं.

निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत बाइकवरून सकाळी आणलेला लॅपटॉप बर्फासारखा गार असतो. तो उबदार खोलीत आणून लगेच सुरू करू नका, आत दव धरतं. तासभर नुसता ठेवा. आणि टचपॅड वर उचललं गेलं असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलीय. दाबून झाकण लावू नका, चार्जही करू नका.

दुकानात येताना चार्जर सोबत आणा. परवा ओझरहून एक दादा आले, लॅपटॉप डेड म्हणून. माझा चार्जर लावला तर लगेच सुरू झाला. “मग बिघाड काय?” त्यांनी विचारलं. चार्जर घरी राहिला होता. पुन्हा ओझर, पुन्हा नाशिक. संध्याकाळी घेऊन आले, तर वायर उंदराने कुरतडलेली.