गोल्फचे स्कोअर आणि हँडिकॅप यांची नोंद स्प्रेडशीटमध्ये कशी ठेवावी

गोल्फमध्ये हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा (जितका कमी तितका खेळाडू चांगला), ठरवण्याचे नियम 2020 पासून जगभर बव्हंशी एकच झाले. अमेरिकेतील यूएसजीए आणि स्कॉटलंडमधील आर अँड ए या दोन संस्थांनी त्याआधीच्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून ‘वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम’ आणली. त्यामुळे पुण्यात खेळणारा आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला खेळाडू आता एकाच सूत्राने मोजला जातो. हे सूत्र एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये एका संध्याकाळी बसवता येते. आधीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी: अधिकृत हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे कोणत्याही एका मैदानाशी न बांधलेला मूळ आकडा, आपला क्लब आणि राष्ट्रीय संघटना, म्हणजे भारतात इंडियन गोल्फ युनियन, यांच्याच यंत्रणेतून मिळतो. आपली स्प्रेडशीट तो आकडा कसा आला हे समजण्यासाठी आणि तपासण्यासाठी असते; स्पर्धेच्या अर्जावर तिचा आकडा लिहिता येत नाही.

सुरुवात मैदानांच्या नोंदीपासून करावी. एका स्वतंत्र शीटवर आपण खेळतो त्या प्रत्येक मैदानाची आणि प्रत्येक टीची (पहिला फटका मारण्याच्या जागेची) एक ओळ करावी आणि तीत पार (अपेक्षित स्ट्रोक, म्हणजे फटके), कोर्स रेटिंग व स्लोप रेटिंग लिहावे. हे आकडे बहुधा स्कोअरकार्डावरच छापलेले असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपचा खेळाडू त्या टीवरून साधारण किती स्ट्रोक घेईल याचा अंदाज. स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान शून्य हँडिकॅपच्या खेळाडूच्या तुलनेत किती अवघड जाते याचे माप. स्लोप 55 ते 155 यांच्या दरम्यान असतो आणि 113 हा प्रमाण आकडा मानला जातो. एकाच टीचे रेटिंग पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे असते, म्हणून कुटुंबातील दोघे एकच फाइल वापरणार असतील तर दोघांसाठी वेगळ्या ओळी ठेवाव्यात. याच शीटवर प्रत्येक होलचा पार आणि स्ट्रोक इंडेक्सही (सवलतीचे स्ट्रोक कोणत्या होलवर आधी मिळतात तो 1 ते 18 असा क्रम) भरून ठेवावा. पुढे त्यांच्यावाचून काम अडते.

दुसऱ्या शीटवर राउंडच्या नोंदी येतील. अनेक जण येथे फक्त एकूण स्कोअर लिहितात आणि सगळा घोळ तेथूनच सुरू होतो, कारण हँडिकॅपसाठी एकूण स्कोअर जसाच्या तसा धरला जात नाही. प्रत्येक होलवर एक कमाल मर्यादा असते: पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर हँडिकॅपमुळे आपल्याला मिळणारे सवलतीचे स्ट्रोक. हिला ‘नेट डबल बोगी’ म्हणतात. एखाद्या होलवर चेंडू दोनदा पाण्यात गेला म्हणून साऱ्या राउंडचा हिशेब बिघडू नये, एवढाच तिचा हेतू. म्हणून अठराही होलचे स्कोअर अठरा रकान्यांत वेगवेगळे भरावेत.

सवलतीचे हे स्ट्रोक असे काढतात. समजा, आपला इंडेक्स 18.6 आहे आणि मैदानाचा पार 72, कोर्स रेटिंग 71.4 व स्लोप 128 आहे. इंडेक्सला स्लोपने गुणून 113 ने भागावे आणि त्यात कोर्स रेटिंग व पार यांतील फरक मिळवावा. 18.6 गुणिले 128 भागिले 113 म्हणजे 21.07, त्यातून 0.6 वजा केल्यावर 20.47 उरतात, म्हणजे त्या दिवसाचा कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या मैदानावर मिळणारे सवलतीचे स्ट्रोक, 20. याचा अर्थ प्रत्येक होलवर एक स्ट्रोक आणि स्ट्रोक इंडेक्स 1 व 2 असलेल्या होलवर आणखी एकेक. आता स्ट्रोक इंडेक्स 7 असलेल्या पार चारच्या होलवर आपण 9 घेतले, तर नोंद 7 चीच होईल. स्ट्रोक इंडेक्स 2 असलेल्या पार पाचच्या होलवर 11 घेतले, तर 9 धरले जातील. कार्डावरचा 97 चा स्कोअर अशा रीतीने 93 वर येतो. स्प्रेडशीटमध्ये हे काम ‘मिन’ फंक्शन करते. घेतलेले स्ट्रोक आणि मर्यादा यांपैकी लहान आकडा ते निवडते.

पुढची पायरी म्हणजे डिफरन्शियल, म्हणजे मैदानाची अवघडता धरून काढलेला एका राउंडचा आकडा. समायोजित स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करावे, 113 ने गुणून स्लोपने भागावे आणि ‘राउंड’ फंक्शनने एका दशांशापर्यंत आणावे. वरच्या उदाहरणात 93 वजा 71.4 म्हणजे 21.6 आणि डिफरन्शियल 19.1. समायोजन न करता 97 धरले असते तर तोच आकडा 22.6 झाला असता. दोन खराब होलमुळे साडेतीनचा फरक पडतो! सूत्रात आणखी एक आकडा वजा होतो, तो हवामान आणि मैदानाच्या त्या दिवसाच्या स्थितीचा. तो उणे 1 ते अधिक 3 यांच्या दरम्यान असतो आणि त्या दिवशी आलेल्या सर्वांच्या स्कोअरवरून अधिकृत यंत्रणाच तो काढते. त्यासाठी एक रकाना ठेवून त्यात एरवी शून्य भरावे. कार्ड त्याच दिवशी क्लबकडे द्यावे असा आग्रह असतो, तोही याच कारणाने.

आता एक सापळा. कोर्स हँडिकॅप काढताना ‘सध्याचा इंडेक्स’ असलेल्या घराचा दुवा सूत्रात देण्याचा मोह होतो. तसे केल्यास इंडेक्स बदलला की जुन्या सगळ्या राउंडच्या मर्यादा बदलतात, त्यामुळे डिफरन्शियल बदलतात आणि त्यामुळे इंडेक्स पुन्हा बदलतो. प्रोग्राम वर्तुळाकार संदर्भाची सूचना देऊन थांबतो. प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा इंडेक्स हाताने, निव्वळ आकडा म्हणून लिहावा.

तारखांचीही काळजी घ्यावी. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल तर 5/6 ही तारीख पाच जूनऐवजी सहा मे समजली जाते आणि वर्षासह लिहिलेली 25/6 ही तारीख तर नुसता मजकूर ठरू शकते. मांडणी भारताची करून घ्यावी आणि शिवाय प्रत्येक राउंडला खेळलेल्या क्रमाने अनुक्रमांक द्यावा. मग एका जादा रकान्यात अशी अट लिहावी, की सर्वांत मोठा अनुक्रमांक वजा या ओळीचा अनुक्रमांक 20 पेक्षा कमी असेल तरच डिफरन्शियल दाखवावा, नाहीतर घर रिकामे ठेवावे. शेवटचे वीस राउंड आपोआप वेगळे होतात आणि नवी ओळ घातल्यावर सूत्राचा पल्ला सरकण्याची भानगड राहत नाही.

या वीसांतील सर्वांत कमी आठ डिफरन्शियल ‘स्मॉल’ फंक्शनने निवडून त्यांची सरासरी काढली की इंडेक्स मिळतो. वीस राउंड झाले नसतील तर नियम वेगळा आहे. किमान 54 होल, म्हणजे अठरा होलचे तीन राउंड लागतात. तीन राउंडांवर सर्वांत कमी डिफरन्शियलमधून 2 वजा होतात, चारांवर 1 वजा होतो आणि पाचांवर तो तसाच राहतो. सहा राउंडांवर कमी दोनांची सरासरी काढून 1 वजा करतात, सात-आठांवर नुसती दोनांची सरासरी धरतात. पुढे 9 ते 11 राउंडांवर तीन, 12 ते 14 वर चार, 15-16 वर पाच, 17-18 वर सहा आणि 19 वर सात डिफरन्शियल घेतले जातात. ही छोटी सारणी बाजूला लिहून ‘लुकअप’ने जोडावी. पहिला इंडेक्स मिळेपर्यंत होलची कमाल मर्यादा पार अधिक पाच असते, हेही लक्षात असावे. इंडेक्स जास्तीत जास्त 54 असू शकतो.

मोजले जाणारे आठ राउंड रंगाने उठून दिसतील अशी व्यवस्था जरूर करावी. चांगला राउंड खेळूनही इंडेक्स वाढला, ही तक्रार क्लबात नेहमी ऐकू येते आणि रंगवलेल्या यादीकडे पाहिले की तिचे कारण चटकन दिसते: विसाव्या जागेवरचा जुना, त्याहून चांगला राउंड यादीबाहेर गेलेला असतो.

आपला आकडा अधिकृत आकड्याशी जुळला नाही, तर आधी त्या दिवसाच्या स्थितीचा रकाना आणि निवडलेली टी तपासावी. तेही बरोबर असेल तर दोन तरतुदी पाहाव्यात. वीस राउंड पूर्ण झाल्यावर, गेल्या 365 दिवसांतील आपल्या नीचांकी इंडेक्सपेक्षा 3 पर्यंतची वाढ पूर्ण धरतात, त्यावरची निम्मी धरतात आणि एकूण वाढ 5 च्या पुढे जाऊ देत नाहीत. नीचांक 14 असताना हिशेबाने 19 आले तर इंडेक्स 18 लागतो. उलट, एखादा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा 7 ते 9.9 ने कमी आला तर इंडेक्समधून जादा 1 आणि 10 किंवा अधिकने कमी आला तर 2 वजा होतात. हे सूत्रात बसवणे शक्य आहे, पण नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीला ते हातानेच पाहावे. एवढे करूनही फरक राहिला तर अठरा होलच्या नोंदी घेऊन क्लबच्या हँडिकॅप समितीकडे जावे.